आधी मान की आधी हृदय? बायपासच्या तोंडावर निघणाऱ्या कॅरोटिडच्या ब्लॉकेजविषयी

बायपासची तारीख ठरलेली असते, पैशांची जुळवाजुळव झालेली असते, सोबत कोणी जायचे हेही घरात ठरते, आणि नेमकी त्याच वेळी मानेच्या डॉपलरच्या अहवालात एक नवी ओळ येते: कॅरोटिड धमनीत ७० किंवा ८० टक्के अरुंदपणा. हृदयाच्या तीन नळ्यांत अडथळे आहेत हे घरच्यांनी कसेबसे पचवलेले असते. आता मेंदूकडे जाणारी नळीही अरुंद आहे म्हटल्यावर ते अहवाल घेऊन माझ्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, की आधी मानेचे ऑपरेशन करायचे, आधी हृदयाचे करायचे, की दोन्ही एकदमच उरकून घ्यायचे.

मी खानदेशात एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. ही ऑपरेशने माझ्या हातची नव्हेत. ती हृदयशल्यचिकित्सक आणि रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक करतात. पण रुग्णाला ऑपरेशनसाठी पाठवणारा मी असतो, टाके घेऊन तो परत येतो तोही माझ्याच दारात, आणि निर्णयाच्या वेळी घरातली माणसे ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगाल तसं’ म्हणून माझ्याकडे पाहतात. म्हणून या प्रश्नावर जे वाचले, जाणत्या सर्जन मंडळींकडून जे ऐकले आणि माझ्या रुग्णांच्या बाबतीत जे पाहिले, ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हा निर्णय अहवालातल्या टक्क्यांवर कमी आणि मेंदूने आधी काही इशारा दिला आहे की नाही यावर जास्त अवलंबून असतो, आणि तो इशारा हुडकून काढण्याचे काम मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलच्या आधी आपल्याकडे, गावातच व्हायला हवे.

मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॉमन कॅरोटिड धमनी वर चढते आणि स्वरयंत्राच्या वरच्या कडेच्या आसपास तिला दोन फाटे फुटतात. बाहेरचा फाटा चेहऱ्याला आणि डोक्याच्या कातडीला रक्त देतो, तर आतला फाटा मेंदूकडे आणि डोळ्याकडे जातो. चरबी, कॅल्शियम आणि मेलेल्या पेशी यांचा थर, ज्याला प्लाक म्हणतात, तो बहुतेक वेळा या फाट्याच्या जागीच साठतो, कारण तिथे रक्ताचा प्रवाह सरळ राहत नाही. हृदयाच्या कोरोनरी धमन्यांत साठणारा थरही हाच असतो. तेव्हा हृदयाचा रुग्ण मानेतही आजारी निघाला तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. आजार एकच असतो आणि तो दोन ठिकाणी दिसतो. आपल्याकडे तर त्याला खतपाणी भरपूर आहे. मळ्यात जाताना खिशात तंबाखूची पुडी, घरातल्या बायकांच्या हातात सकाळी मशेरी, वर्षानुवर्षे न मोजलेला रक्तदाब, आणि ‘गोड खात नाही, मग शुगर कुठून येईल’ असा भाबडा विश्वास, हे मी रोज पाहतो.

अरुंद कॅरोटिडमुळे लकवा कसा मारतो, याबद्दल बहुतेकांचा समज असा असतो की नळी बारीक झाली म्हणून मेंदूला रक्त कमी पडते. ते काही रुग्णांत खरे असते, पण नेहमीचे कारण वेगळे आहे. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या चार नळ्या आहेत, पुढच्या बाजूला दोन कॅरोटिड आणि मागच्या बाजूला दोन व्हर्टिब्रल, आणि कवटीच्या तळाशी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीचा पुरवठा हळूहळू घटला तर बऱ्याच जणांत बाकीच्या भार उचलतात. खरा धोका असतो तो प्लाकचा पृष्ठभाग फाटून तिथे रक्ताची गाठ धरण्याचा आणि त्या गाठीचा किंवा प्लाकचा कण सुटून पुढे मेंदूतल्या बारीक धमनीत अडकण्याचा. ठिबक असलेल्या शेतकऱ्याला हे लगेच पटते: मेन लाइनला पाणी पुरेसे असते, पण एक खडा वाहत पुढे जातो आणि ड्रिपर बंद पडतो. म्हणूनच ६० टक्के अरुंद असलेली पण ठिसूळ, फुटलेली जागा ही ८० टक्के अरुंद पण टणक, स्थिर जागेपेक्षा जास्त घातक ठरू शकते. आणि म्हणूनच पूर्ण, म्हणजे १०० टक्के बंद झालेल्या कॅरोटिडवर सहसा ऑपरेशन करत नाहीत. नातेवाइकांना हे ऐकून आश्चर्य वाटते, पण ज्या नळीतून प्रवाहच नाही तिच्यातून कण पुढे जाण्याची भीतीही बरीचशी संपलेली असते.

कण लहान असला आणि लवकर विरघळला तर लक्षणे काही मिनिटांत जातात. त्याला टीआयए म्हणतात आणि हाच तो मेंदूचा इशारा. एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, तोंड एकीकडे ओढले जाणे, बोलताना शब्द न सापडणे किंवा जीभ अडखळणे, आणि एका डोळ्यापुढे वरून पडदा उतरल्यासारखा अंधार येऊन थोड्या वेळाने परत दिसू लागणे, ही कॅरोटिडची ठरलेली लक्षणे आहेत. हात-पाय विरुद्ध बाजूचे जातात आणि डोळा त्याच बाजूचा, हे लक्षात ठेवले तर कोणती कॅरोटिड दोषी आहे याचा अंदाज तिथेच बांधता येतो. नुसती चक्कर येणे किंवा नुसते डोके जड होणे मात्र यात मोडत नाही, आणि तेवढ्यावरून मानेचे ऑपरेशन करायला निघणे चुकीचे आहे.

रुग्ण हा इशारा आपण होऊन सांगत नाही, हा माझा अनुभव आहे. धुळे जिल्ह्यातले एक निवृत्त एसटी कंडक्टर छातीत दुखते म्हणून माझ्याकडे आले होते. चालले की छाती भरून यायची, थांबले की बरे वाटायचे. अँजिओग्राफीत लेफ्ट मेनमध्ये, म्हणजे हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत, मोठा अडथळा निघाला, बायपास ठरला. पाठवण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे विचारले, की कधी हातातून वस्तू निसटली का, तोंड वाकडे झाले का, एका डोळ्याने दिसेनासे झाले का. त्यांनी मान हलवली. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या मावशी, मात्र म्हणाल्या, की पंधरा दिवसांपूर्वी सकाळी ओट्यावर बसून चहा पिताना त्यांच्या डाव्या हातातून बशी गळून पडली होती आणि बोलणे बोबडे झाले होते. त्यावर ते म्हणाले, ‘पाच मिन्टमा बरं व्हई गयं, ते काय सांगनं?’ उन्हाचा झटका समजून घरच्यांनी त्यांना लिंबूपाणी दिले होते आणि विषय तिथेच संपला होता. मानेच्या डॉपलरमध्ये उजव्या आतल्या कॅरोटिडमध्ये ८० टक्क्यांहून अधिक अरुंदपणा निघाला. मावशी त्या दिवशी सोबत आल्या नसत्या तर ती बशी कोणत्याच कागदावर नोंदली गेली नसती. तेव्हापासून बायपासला निघालेल्या प्रत्येक रुग्णाला हे प्रश्न मी घरातल्या माणसासमोर विचारतो, आणि शक्य तिथे बायकोला आधी विचारतो.

डॉपलरविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण अहवालातला टक्का हा फूटपट्टीने मोजलेला आकडा नसतो. मानेवर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब फिरवतात आणि अरुंद जागेतून रक्त किती वेगाने जाते ते मोजतात. नळी जितकी बारीक तितका वेग जास्त. आतल्या कॅरोटिडमध्ये हा वेग सेकंदाला २३० सेंटिमीटरच्या वर गेला तर अरुंदपणा ७० टक्के किंवा अधिक मानतात. करणाऱ्याचा हात, प्रोबचा कोन, कॅल्शियमची सावली यांनी आकडा इकडेतिकडे होतो. त्यामुळे ऑपरेशनचा विचार पक्का होत असेल तर सीटी अँजिओग्राफी करून खात्री करून घेतात. मानेवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर ऐकू येणारा घरघराटही उपयोगी आहे. पण तो ऐकू आला नाही म्हणून नळी मोकळी आहे असे कोणी समजू नये.

इथे जाता जाता माझ्या जनरल प्रॅक्टिसमधल्या मित्रांना एक सांगतो. बायपासला जाणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब दोन्ही हातांवर मोजा. डाव्या हातावर तो उजव्यापेक्षा वीसेक अंकांनी कमी असेल तर हाताकडे रक्त नेणाऱ्या डाव्या सबक्लेव्हियन धमनीत अडथळा असू शकतो, आणि बायपासमध्ये सर्वांत टिकाऊ समजली जाणारी छातीच्या आतली डावी धमनी त्याच सबक्लेव्हियनमधून निघते. फुकटात होणारी ही तपासणी सर्जनला फार मोलाची माहिती देते.

कॅरोटिड उघडून आतला थर सोलून काढण्याच्या ऑपरेशनला एंडआर्टरेक्टमी म्हणतात. ह्यूस्टनमध्ये मायकेल डीबेकी यांनी १९५३ साली ते केले, आणि १९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी टीआयएचे वारंवार झटके येणाऱ्या एका बाईच्या कॅरोटिडचा रोगट भाग काढून टाकल्याचे प्रसिद्ध झाले. त्याचा फायदा कोणाला होतो हे पक्के ठरायला मात्र १९९१ साल उजाडले. त्या वर्षी उत्तर अमेरिकेतल्या नासेट या चाचणीने दाखवले, की ज्यांना टीआयए किंवा छोटा लकवा होऊन गेला आहे आणि ज्यांच्या कॅरोटिडमध्ये ७० ते ९९ टक्के अरुंदपणा आहे, अशांना नुसत्या औषधांवर ठेवले तर दोन वर्षांत त्याच बाजूचा लकवा शंभरातल्या २६ जणांना होतो, आणि ऑपरेशन केले तर ९ जणांना. एवढा मोठा फरक वैद्यकशास्त्रात क्वचितच दिसतो. हा फायदा झटक्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो आणि पुढे झपाट्याने घटत जातो.

लक्षणे नसलेल्यांची गोष्ट अगदी निराळी आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एसीएसटी चाचणीत अशा ३,१२० रुग्णांत पाच वर्षांतला लकव्याचा धोका, ऑपरेशनच्या वेळचा धोका धरून, ऑपरेशन केलेल्यांत ६.४ टक्के आणि न केलेल्यांत ११.८ टक्के होता. म्हणजे फायदा होता, पण तो वर्षाला जेमतेम एक टक्का, आणि तोही अनेक वर्षे जगणाऱ्याला. त्यानंतर स्टॅटिनसारखी, कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे सर्रास झाली आणि नुसत्या औषधांवरचा धोकाही खाली आला. हृदयाचा आजार बळावलेल्या माणसापुढे हा हिशेब मांडताना फार विचार करावा लागतो, कारण त्याला तो फायदा पदरात पडण्याआधी एका मोठ्या ऑपरेशनमधून पार पडायचे असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बायपासच्या वेळी किंवा लगेच नंतर लकवा होतो तो कॅरोटिडमुळेच होतो का? घरच्यांना, आणि खरे सांगायचे तर बऱ्याच डॉक्टरांनाही, असेच वाटते. लेस्टरचे शल्यचिकित्सक रॉस नेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. बायपासनंतर लकवा साधारण दोन टक्के रुग्णांना होत होता. कॅरोटिड मोकळ्या असलेल्यांत तो दोन टक्क्यांच्या खाली, एका बाजूला ५० ते ९९ टक्के अरुंदपणा पण लक्षणे नसलेल्यांत सुमारे तीन टक्के, दोन्ही बाजूंना अरुंदपणा असलेल्यांत सुमारे पाच टक्के, आणि एखादी कॅरोटिड पूर्ण बंद असलेल्यांत सात ते अकरा टक्के होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लकवा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांच्या कॅरोटिडमध्ये म्हणण्यासारखा आजारच नव्हता.

मग हा लकवा येतो कुठून? बहुतेक वेळा महाधमनीतून. हृदयातून वर निघणाऱ्या या मोठ्या नळीच्या आतही तोच थर साठलेला असतो. बायपास करताना तिच्यात हार्ट-लंग मशीनची, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्राची नळी घालतात, तिच्यावर चिमटा लावतात, पायातून काढलेल्या शिरेचे टोक तिला जोडतात, आणि या हाताळणीत कण सुटून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. ऑपरेशननंतरच्या दोन-चार दिवसांत काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, त्यातूनही गाठी होतात. ऑपरेशन चालू असताना रक्तदाब खाली जातो हेही एक कारण आहे. म्हणजे कॅरोटिडमधला आजार हा बऱ्याचदा पूर्ण शरीरातल्या धमन्या किती बिघडल्या आहेत याची खूण असतो. मान साफ केली तरी महाधमनी तीच राहते. हे एकदा समजले, की ‘दोन्ही एकदमच करून टाका’ या आग्रहातला जोर कमी होतो.

दोन्ही ऑपरेशने करायचीच असतील तर मार्ग तीन आहेत, आणि प्रत्येकाचा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. आधी मान केली तर भूल देताना आणि नंतरच्या दिवसांत दुरुस्त न झालेल्या हृदयाला झटका येण्याची भीती असते. लेफ्ट मेनचा रुग्ण किंवा आराम करतानाही छातीत दुखणारा रुग्ण या मार्गाने पाठवणे धाडसाचे आहे. आधी हृदय केले तर मानेतली ठिसूळ जागा तशीच ठेवून बायपासमधून जावे लागते. दोन्ही एकाच भुलेखाली केली तर दोन धोके टळतील अशी आशा असते, पण ऑपरेशन लांबते आणि दोन्हींचा ताण एकाच दिवशी पडतो. असे एकत्र ऑपरेशन १९७२ साली अमेरिकेत व्हिक्टर बर्नहार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, आणि तेव्हापासून पन्नास वर्षे यावर वाद चालू आहे. मानेतल्या नळीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी टाकून नंतर बायपास करणे हा चौथा पर्याय म्हणता येईल. त्यात मान कापावी लागत नाही, पण स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या साधारण महिनाभर चालू ठेवाव्या लागतात आणि बायपासपूर्वी क्लोपिडोग्रेल पाच दिवस बंद ठेवावी लागते. ज्याच्या हृदयाला महिनाभर थांबायची सवड आहे त्याच्यासाठी हा मार्ग चांगला आहे.

या वादावर चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने झालेले अभ्यास थोडेच आहेत. इटलीतल्या इल्युमिनाती यांच्या २०११ सालच्या अभ्यासात एका बाजूच्या, लक्षणे नसलेल्या अरुंदपणात मानेचे ऑपरेशन बायपासच्या आधी किंवा सोबत केलेल्यांत ९० दिवसांतले लकवा व मृत्यूचे प्रमाण १ टक्का होते आणि ते नंतरसाठी ठेवलेल्यांत ८.८ टक्के होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन तज्ज्ञांच्या कॅबॅक्स चाचणीचा कौल उलट दिशेला झुकला: लक्षणे नसलेल्या, ७० टक्के किंवा अधिक अरुंदपणाच्या रुग्णांत दोन्ही एकत्र केल्यावर तीस दिवसांत लकवा किंवा मृत्यू १८.५ टक्के, आणि फक्त बायपास केल्यावर ९.७ टक्के. ही चाचणी रुग्ण न मिळाल्याने १२९ जणांवरच थांबली, त्यामुळे हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरत नाही. तरीसुद्धा दुसऱ्या ऑपरेशनची भर घालून रुग्णाला काही मिळाले, असे त्यातून दिसले नाही. युरोपियन सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक सूचना मला सर्वांत समंजस वाटतात. एका बाजूला ७० ते ९९ टक्के अरुंदपणा आहे पण लक्षणे नाहीत, तर बायपासपूर्वी नेमाने मानेचे ऑपरेशन करू नये. अलीकडे टीआयए किंवा लकवा होऊन गेला आहे आणि त्या बाजूला ५० ते ९९ टक्के अरुंदपणा आहे, तर मानेचे ऑपरेशन टप्प्याने, म्हणजे वेगळ्या वेळी, किंवा बायपाससोबत करण्याचा विचार करावा. दोन्ही बाजू ७० टक्क्यांच्या वर अरुंद असतील, किंवा एक बाजू अरुंद आणि दुसरी पूर्ण बंद असेल, तर लक्षणे नसतानाही तसा विचार करता येतो.

कंडक्टरसाहेब यांतल्या दुसऱ्या गटात होते. लेफ्ट मेन असल्यामुळे हृदय थांबायला तयार नव्हते, आणि ताज्या टीआयएमुळे मानही थांबायला तयार नव्हती. मुंबईतल्या सर्जननी दोन्ही एकत्र करायचे ठरवले आणि मला थिएटरमध्ये उभे राहून पाहण्याची परवानगी दिली. एकीकडे पायाची शीर काढण्याचे काम चालू होते, तेव्हाच दुसऱ्या सर्जननी उजव्या बाजूला मानेच्या तिरक्या स्नायूच्या पुढच्या कडेने चीर घेतली. कपाळावर दोन चिकटपट्ट्या होत्या, त्यांवरून मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनचे आकडे पडद्यावर दिसत होते. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिले गेले. आधी आतली कॅरोटिड बंद केली, मग मूळची आणि मग बाहेरची. हा क्रम अशासाठी, की चिमटे लावताना एखादा कण सुटला तरी तो मेंदूकडे जाऊ नये. धमनी उभी चिरून त्यांनी बोथट पात्याने थर सोडवायला सुरुवात केली. पिवळट, मध्येच काळसर रक्त चिकटलेला तो तुकडा नळीच्या दुभागलेल्या आकारातच अखंड बाहेर आला. टोकाशी एक बारीक पापुद्रा लोंबत राहिला होता. तो निघेपर्यंत सर्जन पुढे सरकले नाहीत, सलाइनची धार सोडून पुन्हा पुन्हा पाहत राहिले. चिरेवर पट्टी शिवून झाल्यावर चिमटे काढताना पहिला प्रवाह बाहेरच्या कॅरोटिडकडे सोडला, म्हणजे राहिलेला हवेचा बुडबुडा किंवा कचरा चेहऱ्याकडे निघून जाईल, आणि आतली शेवटी उघडली. त्यानंतर छाती उघडून बायपास झाला. मानेची जखम मात्र हेपारिनचा असर उतरवेपर्यंत पूर्ण बंद केली नाही, कारण मानेत रक्त साठले तर श्वासनळी दाबली जाते.

त्यांचा आवाज काही आठवडे घोगरा राहिला. स्वरयंत्राकडे जाणारी नस त्याच वाटेवर असल्याने असे होऊ शकते आणि बहुतेकांत ते सुधारते, हे आधी सांगून ठेवले होते म्हणून घरचे घाबरले नाहीत. हात-पाय, बोलणे सगळे शाबूत राहिले.

याच्या अगदी उलट निर्णय यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक आप्पांच्या बाबतीत झाला. हृदयाच्या तीनही नळ्यांत अडथळे, उजव्या कॅरोटिडमध्ये ७५ टक्के, डावी मोकळी, आणि खोदून खोदून विचारले तरी मेंदूचे एकही लक्षण नाही. मुलगा शिकलेला, वडिलांवर जीव असलेला. त्याचा आग्रह होता की एवढे मोठे ब्लॉकेज ठेवून वडिलांना टेबलावर जाऊ द्यायचे नाही. त्याच्याशी मी दोन वेळा सविस्तर बोललो. वरचे सगळे आकडे त्याच्यापुढे मांडले. शेवटी मी त्याला एवढेच सांगितले, की भाऊ, मानेला हात लावला तर आजच धोका पत्करावा लागेल, आणि त्याचा फायदा पुढच्या कित्येक वर्षांत थोडा थोडा मिळेल. नाशिकच्या सर्जननी महाधमनीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून थर कुठे आहे ते पाहिले, मशीन न वापरता, धडधडत्या हृदयावर, महाधमनीला चिमटा न लावता बायपास केला. माझ्या मते आप्पांच्या मेंदूचे खरे संरक्षण तिथे झाले. आता ते ॲस्पिरिन आणि जोरकस मात्रेतल्या स्टॅटिनवर आहेत, तंबाखू सुटली आहे, आणि मानेतला अरुंदपणा आहे तेवढाच आहे.

खानदेशातून जाणाऱ्या रुग्णाची अडचण अंतराची आहे. नंदुरबारकडचा माणूस सुरतेला जातो, धुळ्याचा नाशिकला, जळगाव-भुसावळचा मुंबई-पुण्याला, रावेरकडचा इंदूरला. अँजिओग्राफी एका गावी, डॉपलर दुसऱ्या गावी आणि ऑपरेशन तिसऱ्या गावी होते, आणि मधली माहिती गळून पडते. अँजिओग्राफीची नुसती छापील चिठ्ठी नेऊ नका, सीडी न्या. टीआयए झाला असेल तर तारखेसह कागदावर लिहून न्या, कारण सर्जनसाठी ती तारीख टक्क्याइतकीच मोलाची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास बसतो, पण मानेचे काम सोबत असेल तर त्याची मंजुरी कशी घ्यायची हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. ‘ऑपरेशन आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करा’ असे कोणी शेजाऱ्याने सांगितले म्हणून सगळ्या गोळ्या बंद करू नका. क्लोपिडोग्रेल कधी थांबवायची ते सर्जन सांगतात, ॲस्पिरिन आणि स्टॅटिन बहुधा चालूच ठेवायची असते.

परत आल्यावरचे दिवस मला जास्त काळजीचे वाटतात, कारण तेव्हा रुग्ण सर्जनपासून चारशे किलोमीटर लांब असतो. बरीच वर्षे कमी दाबाची सवय झालेल्या मेंदूच्या भागात मोकळ्या झालेल्या कॅरोटिडमधून एकदम जोरात रक्त येऊ लागते, आणि काही थोड्या रुग्णांत त्यातून सूज, झटके किंवा रक्तस्राव होतो. हे बहुधा पहिल्या आठवड्यात होते, कधी महिन्याभरातही. ऑपरेशन झालेल्या बाजूचे डोके फार दुखू लागले आणि रक्तदाब चढला, तर ती प्रवासाची दगदग किंवा ऊन समजून घरी बाम चोळत बसू नये. त्याच तासाला दवाखाना गाठावा आणि मानेचे ऑपरेशन झाल्याचे पहिल्या वाक्यात सांगावे. या काळात रक्तदाब रोज सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहावा. गावातल्या आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टर हे काम आनंदाने करतात, फक्त वरचा आकडा किती झाला की फोन करायचा हे त्यांना आधी लिहून द्यावे लागते.

मानेचे ऑपरेशन झालेले असो वा नसो, दोन्ही बाजूंच्या कॅरोटिडचा डॉपलर सहा महिन्यांनी एकदा आणि पुढे वर्षातून एकदा करावा, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. तो जळगावात आणि धुळ्यात होतो, त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. जुना अहवाल मात्र सोबत न्यावा, म्हणजे करणाऱ्याला मागचा वेग शेजारी ठेवून आजचा वेग पाहता येतो.